नागनाथची अप आणि मैथिलीचं ॲप

…तर नागनाथनं त्या पोरीला ठासून सांगितलं, "अप एक नंबरावर बरी चालती. दोन नंबरावर गर्दी लय." काल आपण इथपर्यंत आलो होतो आणि आतून जेवायची हाक आली. आज मी जेवूनच बसलोय. आता कोणी उठवायचं नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. नागनाथ म्हणजे माझा झरीच्या शाळेतला सोबती. बाप मेंढरं राखायचा, पण नागनाथला मेंढरांपेक्षा घड्याळाची ओढ. सातवी झाली, पुढं पूर्णा जंक्शनला पॉइंटमन म्हणून चिकटला. पॉइंटमन म्हणजे रुळाचा सांधा बदलून गाडीला वाट करून देणारा माणूस. चौतीस वर्षं त्यानं तेच केलं. स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभा राहून भटजींना म्हणाला होता, "म्हाराज, मुहूर्त चार मिनिटं लेट जायलाय." भटजींनी मंगलाष्टकं अशी पळवली की अक्षता आमच्या मुठीतच राहिल्या.

निवृत्त होऊन तो झरीला परत आला आणि इथंच घोटाळा झाला. आमच्या गावात एसटी येते, रेल्वे नाही. नागनाथला अप-डाऊन सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ, पण विचारणारा एक नाही. तो एसटीच्या थांब्यावर जाऊन आपणहून लोकांना सांगायचा, "आता पूर्ण्यात अप लागली असंल." लोक म्हणायचे, "ते ऱ्हाऊ द्या मामा, सोनपेठची बस गेली का तेवढं सांगा."

त्याची बायको कासाबाई. तिच्या आठ शेळ्या. कासाबाईला नवऱ्याला काही बोलायचं असलं की ती शेळीला बोलते. "खा गं बाई," असं म्हणत हिरवा पाला शेळीपुढं टाकायची, "तुला निदान कुणी दूध तरी मागतंय. काही जणांनी चौतीस वर्षं नौकरी केली, पर कुणी टाइम बी विचारीना." नागनाथ हे ऐकून घड्याळाला चावी द्यायचा. हसतमुख माणूस, पण त्या बोलण्यानं आतून कुरतडला जायचा, हे मला दिसत होतं. नोकरीभर तो दुसऱ्यांना वाट करून देत आला. आता एकदा तरी कुणी यावं, खाली बसावं आणि म्हणावं, 'नागनाथराव, तुमचं काय म्हणणं?' एवढीच त्याची भूक.

आणि नेमकी त्याच्या अंगणात मैथिली आली. आमच्या मार्तंड गुरुजींची लेक. परभणीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, मोबाईलवर चालणारी ॲपं तयार करते. तिला कॉलेजानं काम लावलं होतं. फोनची दोन मोठी घराणी आहेत, एक अँड्रॉइडचं आणि एक आयफोनचं. दोन्हीकडची ॲपं ताडून बघायची, कुठली सरस ते ठरवायचं, आणि ॲप तयार करणाऱ्यांचा ओढा कुणीकडं जास्त, हे पन्नास लोकांना विचारून लिहायचं. या दोन घराण्यांना ती शिकलेली मंडळी प्लॅटफॉर्म म्हणतात. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मी बाजेवर बसून शेंगा फोडत होतो आणि मलाही काही ठाऊक नव्हतं.

मैथिलीची चाळीस घरं झाली होती. बोलून बोलून घसा बसला होता, म्हणून प्रश्न तिनं आखूड केला होता. फॉर्मवर मोबाईल हा शब्द होता, पण इंग्रजीत. आणि आमच्याकडं ॲपला सगळे 'अप'च म्हणतात. पोरगी शहरात कितीही शिकली तरी झरीच्या शिवेत आली की तीही तसंच बोलते.

"आजोबा, तुमच्या मते अप कोणत्या प्लॅटफॉर्मवर चांगलं चालतं?"

नागनाथ ताडकन ताठ बसला. नंतर मला म्हणाला, "पोरगी गाडीला 'चालतं' मनली, मला खटकलं. पर मनलं, पहिल्यांदाच कुणी विचारायलंय, व्याकरण कशाला काढावं?"

मग ते सुरुवातीला सांगितलेलं उत्तर दिलं. पोरीनं लिहून घेतलं. एक नंबर म्हणजे आयफोन असं तिनं समजून घेतलं, कारण आयफोनवाले स्वतःला एक नंबरच समजतात.

"का बरं?"

"का म्हंजे? एक नंबरावर टीसी दारातच उभा असतो. तपासल्याबिगर कुणी आत न्हाई. माणसं मोजकी, सगळं झाडूनपुसून. दोन नंबरावर कुणीबी येतंय. शेळी चढती, बोकड चढतो, एकदा तर रेडकू चढलं व्हतं."

मैथिलीनं भराभर लिहिलं. मग विचारलं, "आणि अपडेट? वेळेवर येतात का?"

नागनाथनं 'अप लेट' ऐकलं. "एक नंबरावर घेतली तर टायमात. दोनवर घेतली तर लेट. कुणाला आज भेटती, कुणाला उद्या."

पोरीचे डोळे मोठे झाले. "अगदी बरोबर आहे, आजोबा. आणि डाऊनलोड जास्त कधी होतात?"

रेल्वेत मालगाडीला लोड म्हणतात. नागनाथ म्हणाला, "डाऊन लोड? रात्रीच्याला. दिवसा पॅसिंजर गाड्या असत्यात, लोडला वाट भेटत न्हाई."

"खरंय, दिवसा नेट फार हळू चालतं," असं म्हणत पोरीनं तेही टिपलं. मग शेवटी तिनं तो प्रश्न विचारला. "अप कधी क्रॅश झालं का?"

नागनाथचा चेहरा पडला. त्यानं कानाला हात लावले. "बाळा, असलं वंगाळ तोंडातून काढू नगं. माझ्या चौतीस वर्षांत अप एकदा बी क्रॅश झाली न्हाई."

पोरीनं लिहिलं, क्रॅश: शून्य. चौतीस वर्षांपूर्वी कुठला आला मोबाईल, हे तिच्या ध्यानात कसं आलं नाही, ते मला विचारू नका. एक्केचाळिसावं घर होतं, आणि चाळीस घरांत तिला 'आमाला काय कळतंय त्यातलं' याखेरीज काही मिळालं नव्हतं. तहानलेला माणूस पाणी कुठल्या विहिरीचं ते बघत नाही.

उठता उठता तिनं विचारलं, "आणि डेव्हलपरचं काय? म्हणजे नवनवीन वस्तू तयार करून लोकांपुढं ठेवणारे असतात ना, ते कुणीकडं जातात?"

नागनाथनं माझ्याकडं बघून हळूच म्हटलं, "भजेवाले." आणि मग जो सुटला तो थांबेना. पण ते मी आत्ता सांगत नाही, कारण तेच भाषण पुढं त्यानं माइकवर केलं.

हो, माइकवर. पंधरा दिवसांनी कॉलेजाचं पत्र आलं. 'ॲप आणि प्लॅटफॉर्म: अनुभवाचे बोल' या विषयावर अनुभवी जाणकार श्री. नागनाथ यांनी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावं, ही विनंती. मैथिलीचं लिखाण तिथल्या मॅडमना इतकं आवडलं होतं.

पत्र मी वाचून दाखवलं. कासाबाई म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना 'श्री.' आलं तशी ती गोठ्याकडं गेली आणि शेळीला म्हणाली, "ऐकलं का गं? आमच्या मालकाला कालेजात बलीवलंय." त्या संध्याकाळपर्यंत झरीत असं घर उरलं नाही की जिथं ही खबर पोचली नाही.

मी घरी येऊन नात श्रद्धाला कौतुकानं सांगितलं. ती हातातलं पुस्तक ठेवून इतकी हसली की तिला उचकी लागली. मग तिनं मला ॲप म्हणजे काय, प्लॅटफॉर्म म्हणजे काय, आपल्याकडं घरोघरी अँड्रॉइड आणि गावात आयफोन एकट्या दत्तरावाकडं, हे सगळं फोड करून सांगितलं.

सकाळी मी नागनाथकडं गेलो, सांगायचं ठरवूनच. बघतो तर त्यानं पेटीतून रेल्वेचा जुना निळा सदरा काढलेला. तांब्यात विस्तव घालून स्वतः इस्तरी करायलाय. कासाबाई ठेवणीतली जांभळी साडी झटकत होती. मला बघून नागनाथ म्हणाला, "ये आबा. मला एक सांग, पोरांपुढं उभं राहून बोलावं का बसून?"

मी म्हणालो, "उभं राहून." बस्स, एवढंच म्हणालो. माझ्या जिभेनं ऐन वेळी दगा दिला, आणि खरं सांगायचं तर मलाही ते भाषण ऐकायचं होतं.

गुरुवारी आम्ही तिघं एसटीनं परभणीला गेलो. वाटेत मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा कंडक्टर आला. दुसऱ्यांदा नागनाथच म्हणाला, "आबा, तू आज लय घाबरायलास. भाषण माझं हाय." मी खिडकीतून तुरीकडं बघत बसलो.

कॉलेजाचा हॉल मोठा. दीड-दोनशे पोरं-पोरी. मागं कापडी फलक, त्यावर एक उष्टं सफरचंद आणि एक हिरवं बाहुलं. नागनाथनं मला कोपरानं ढोसलं. "ते सफरचंद कशाला?"

"नाष्ट्यात असंल," मी म्हणालो.

"मग अर्धं कुणी खाल्लं?"

तेवढ्यात त्याला व्यासपीठावर बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. कासाबाई पहिल्या रांगेत माझ्या शेजारी. डोक्यावरचा पदर तिनं चार वेळा नीट केला. मी मनातल्या मनात दत्त महाराजांना नारळ बोललो.

नागनाथनं माइक हातात धरला. गार्डाशी बोलतो तसा खणखणीत आवाज.

"पोरंहो, प्लॅटफॉर्म दोन हायत. कोणता चांगला, मनून भांडणारे मी लय बघितले. भांडणारा भांडत ऱ्हातो, गाडी निघून जाती. आता नवा माल घेऊन येणाऱ्याची गंमत ऐका. आपण त्याला भजेवाला मनू."

पोरं हसली. मॅडमनी वही उघडली.

"दोन नंबरावर माणूस मायंदाळ. नवा भजेवाला पहिले तिकडंच पळतो. पर तिथं धा तऱ्हेच्या गाड्या लागत्यात. एकीचा दरवाजा रुंद, एकीचा अरुंद, एकीची पायरी हितं छातीपर्यंत. दर गाडीला टोपली येगळी धरावी लागती. एकीकडं बराबर बसली तर दुसरीकडं भजे सांडत्यात."

मागच्या बाकावरचा एक दाढीवाला पोरगा उठून टाळ्या वाजवायला लागला. मैथिलीच्या बरोबरच्या पोरी एकमेकींना सांगायला लागल्या, हे निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनबद्दल आहे, कसली उपमा दिलीय.

"एक नंबरावर ठरलेल्या दोन-तीन गाड्या. टोपली एकदा बसली की बसली. पर तिथं टीसी इच्यारतो, भजं कशाचं? तेल कंचं? झाकण कुठाय? मंग आत सोडतो. लय भजेवाले तिथूनच वापस येत्यात. जो आत गेला त्याचा माल चांगलाच असतो, कारण त्याला दुसरा इलाजच न्हाई. दोनवर शंभर जण चाखून बघत्यात, धा जण घेत्यात. एकवर धाच जण येत्यात, पर आठ जण घेत्यात."

"आणि शेळ्या?" मैथिलीच ओरडली. तिला तेच आवडलं होतं.

"शेळ्या दोनवर. कुणी चढवल्या ते कुणालाच कळत न्हाई. उतरताना कळतं, जवा तुमची पिशवी कुरतडलेली असती."

हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. माझ्या शेजारची बाई म्हणाली, हे व्हायरसबद्दल. कासाबाईनं मला विचारलं, "भज्यावर येवढं हसत्यात का हो शिकलेली माणसं?" मी म्हणालो, "शिकल्यावर हसतात."

माझ्या जिवात जीव यायला लागला होता. नागनाथनं समारोपही केला की हुशार भजेवाला एकाच पिठाचे भजे दोन्हीकडं नेतो, फक्त दोनवर कढई मोठी ठेवतो आणि एकवर झाकण चांगलं. मॅडमनी ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आता आभार मानले की सुटलो, असं मी मनात म्हणतोय तोच मॅडम म्हणाल्या, "कोणाला काही विचारायचंय?"

मधल्या रांगेतून वरद नावाचा पोरगा उभा राहिला. चांगला, सालस पोरगा. त्याच्या मनात काही पाप नव्हतं. म्हणाला, "आजोबा, एवढं सगळं तुम्ही सांगितलं. पण तुमचा स्वतःचा फोन कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहे?"

नागनाथचा हात माइकवर होता तिथंच थिजला. फोन आणि प्लॅटफॉर्म हे दोन शब्द त्याच्या कानावर आज पहिल्यांदाच एका वाक्यात आले होते. त्यानं वळून मागचा फलक बघितला. उष्टं सफरचंद बघितलं, हिरवं बाहुलं बघितलं. मग पोरांच्या हातांकडं बघितलं, जिथं प्रत्येकाच्या हातात एकेक फोन त्याच्याकडं रोखलेला. मग माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघायला लागलो.

त्याच्या मनात काय काय जोडलं जायलंय, हे मला दिसत होतं. अप, डाऊन लोड, लेट, क्रॅश, एकेक डबा. शेजारी कासाबाई पुढं सरकून बसली. तिला काही कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की मालक अडखळलेत. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडीचा वण उठला.

नागनाथनं सावकाश खिशात हात घातला. त्याचा बटणांचा जुना फोन, मागचं झाकण निघू नये म्हणून रबर लावलेला, त्यानं बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मग माइक जवळ ओढला आणि पूर्ण्यात कोणाला बोलला नसेल इतक्या थंडपणे म्हणाला:

"बाळा, ह्यो फोन म्हंजे रानातलं बारकं हॉल्ट ठेसन हाय. हितं अप बी थांबत न्हाई आन डाऊन लोड बी थांबत न्हाई. फकस्त आमच्या मंडळीचा फोन येतो, आन त्यो सिग्नल बघत न्हाई."