ढग धरून ठेवणारे आतोबा

विश्वात जे जे काही जागच्या जागी उभं आहे ते लोहचुंबकामुळे उभं आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. देव, सरकार आणि डॉक्टर यांच्यावर आतोबांचा विश्वास नव्हता असं नाही, पण तो आपला व्यवहारापुरता. खरी निष्ठा लोहचुंबकावर. पोशीरच्या वेशीवर त्यांची भाताची गिरणी होती. भातगिरणीत माणूस तासभर उभा राहिला तरी कोंड्यानं माखून निघतो. आतोबा तर तिथं जन्मभर उभे होते. त्यांच्या टोपीचा मूळ रंग कोणता, हे आत्यालाही सांगता येत नसे. गिरणी डिझेलच्या इंजिनावर चाले आणि इंजिन चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. आतोबा मात्र बोलत राहत. आमचा संसार टिकला तो त्या इंजिनामुळे, असं आत्या उघड सांगायची.

शेतकऱ्याच्या पोत्यातून भाताबरोबर काय काय येतं, याची तांदूळ खाणाऱ्यांना कल्पना नसते. गाडीचे खिळे, मोडक्या विळ्याचं टोक, बैलाच्या नालेचे तुकडे. एकदा कुणाच्या तरी घराची किल्ली निघाली, पण तोपर्यंत मालकानं कुलूप फोडून टाकलेलं होतं. यातलं काहीही गिरणीच्या पोटात गेलं की आतला लोखंडी रूळ तडकणार, जाळी फाटणार आणि गिरणी बसणार. म्हणून भात ओतायच्या पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडाशी आतोबांनी नालेच्या आकाराचा एक दांडगा लोहचुंबक बांधला होता. खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या भंगारवाल्याशी अर्धा दिवस हुज्जत घालून तो मिळवलेला होता. आत्याची चूल खऱ्या अर्थानं त्या चुंबकावर पेटत असे. शेती बेताची, मूलबाळ नाही, आणि वर्षाची सगळी कमाई भाताच्या हंगामातली. त्यात नेरळला विजेवर चालणारी नवी गिरणी सुरू झालेली. गिऱ्हाईक एकदा तिकडं वळलं की वळलं, हे आतोबांना पक्कं ठाऊक होतं.

आता हा साधा सरळ गिरणीवाला आकाशात कसा गेला, ते सांगायला हवं. कर्जतच्या वाचनालयाला आतोबा दरवर्षी दोन पोती तांदूळ देणगी देत आणि त्याबद्दल वाचनालय त्यांना व्याख्यानमालेत एका दिवसाचं अध्यक्षपद देई. कर्जतला अध्यक्ष असेच होत. अध्यक्षांची खुर्ची झोपण्यासाठी असते, हे आतोबांनी कधी लपवलं नाही. कुटुंबनियोजनावरच्या व्याख्यानानंतर जागे होऊन त्यांनी ‘वक्त्यांनी सांगितलेली थोर परंपरा तरुणांनी पुढं चालवावी’ असा समारोप केला होता आणि सभेनं टाळ्याही वाजवल्या होत्या, कारण सभाही तेव्हाच जागी झाली होती. एका वर्षी मुंबईचे एक प्राध्यापक आले. त्यांनी पडद्यावर आकाशाची चित्रं दाखवायला सुरुवात केली. दिवे मालवले तसे आतोबा शिरस्त्याप्रमाणे झोपले. मृग नक्षत्रात वायूचा केवढा तरी ढग आहे, त्याच्या पोटात प्रचंड आकाराचे निळे, धगधगते तारे आहेत, त्यांच्या अंगातून वाऱ्यासारखा झोत सुटतो आणि आजूबाजूचा वायू उधळून लावतो, इथपर्यंत अध्यक्ष घोरत होते. “मग हे वायूचे खांब आणि पट्टे जागेवर कसे उभे राहतात? तर त्यात चुंबकीय क्षेत्राचाही मोठा हात असतो,” असं प्राध्यापक म्हणाले मात्र, अध्यक्ष खडबडून जागे झाले आणि अंधारातच ओरडले, “चुंबक? तितं पन हाय?”

त्या दिवशीचं अध्यक्षीय भाषण मूळ व्याख्यानापेक्षा लांबलं. प्राध्यापकांची शेवटची गाडी चुकली आणि त्यांना मुक्कामाला पोशीरला यावं लागलं. रात्रीच्या जेवणात आतोबांनी त्यांच्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. तापलेल्या ताऱ्याच्या प्रखर उजेडानं वायूच्या कणांवर विद्युतभार येतो. मग ते कण चुंबकीय रेषांना धरून सरळ धावू शकतात, पण रेषा ओलांडून आडवे जाताना अडतात. म्हणून ढगाला आकार येतो. आतोबांनी याचं पोशिरी भाषांतर करून टाकलं: “गरम ताऱ्याच्या उजेडानं वायूला शॉक बसतो. शॉक बसलेला वायू चुंबकाचं ऐकतो.” प्राध्यापकांनी यावर जरा विचार केला आणि तिसऱ्यांदा भात घेतला.

तेव्हापासून गिरणीवर नंबर लावून बसलेल्या शेतकऱ्यांची सुटका नव्हती. गिरणीच्या मागच्या अंगाला पंख्याच्या पाइपातून तूस बाहेर फेकलं जाई. त्या झोतापुढं आतोबा एकेकाला उभं करीत. गोमा नावाचा एक म्हातारा शेतकरी त्यांचा आवडता श्रोता होता. आवडता अशासाठी, की त्याला कसलीच घाई नसे.

“ह्यो वारा म्हंजे ताऱ्याचा वारा. तूस म्हंजे वायू,” आतोबा इंजिनाच्या वर आवाज काढून सांगत. “आता सांग गोमा, तूस उडून पार कळंबला का जात नाय?”

“भिताड हाय ना शेट मदी.”

“आरं, आभालात भिताड हाय का?”

“मला काय ठावं? तुमीच जाऊन आलाव.”

पण असल्या उत्तरांनी आतोबा खचणारे नव्हते. त्यांना आता सगळीकडे गरम तारे दिसू लागले. सरपंच हा त्यांच्या मते पहिल्या प्रतीचा गरम तारा होता, जवळ आलेला कुठलाही निधी एका झोतात उडवून लावणारा. शेजारच्या घरात सासू-सुनेचं वाजलं, तेव्हा हे मध्यस्थीला गेले आणि दोघींना रेषा ओलांडून आडवं न जाण्याचा सल्ला देऊन आले. दोघींना तो कळला नाही, पण आतोबांना घालवून द्यायचं यावर एकमत झालं आणि भांडण मिटलं. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्याला ते पानावर हात आडवा धरून ‘क्षेत्र हाय, क्षेत्र हाय’ म्हणत. मी त्या वेळी कर्जतच्या शाळेत नुकताच विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो होतो आणि आत्याकडेच राहत होतो. त्यामुळे माझी तर रोजच परीक्षा. “मास्तर, तुमच्या पुस्तकात हाय का ह्ये?” ते विचारत. नाही म्हटलं की पुस्तकाबद्दल हळहळत.

आणि मग वाचनालयानं जे करायला नको होतं ते केलं. पुढच्या हिवाळ्यात एक वक्ता आयत्या वेळी आजारी पडला. कार्यवाह धावत पोशीरला आले. या खेपेला आतोबांना अध्यक्षपद नव्हतं, चक्क वक्तेपद होतं! आतोबांनी नवी टोपी आणली. साजगावच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्या कामगाराकडून लोखंडाचा बारीक कीस मागवला. काच तयार झाली, वाचनालयाचा टेबलपंखा ठरला. राहता राहिला लोहचुंबक.

“त्यो हंगामात हलवायचा नाय,” आत्या म्हणाली.

“एका दिसाचा तर परश्न हाय.”

“खिळ्याला काय म्हाईत, तुमचा आज भाशन हाय त्ये?”

आतोबांनी चुंबक सोडला, पिशवीत घातला आणि गिरणी चालवणाऱ्या मिस्त्रीला बजावलं, “आजच्या दिस डोळं उघडं ठेव.” मिस्त्री बिचारा डोळे उघडेच ठेवायचा. पण गंजलेला खिळा आणि भात यांचा रंग सारखाच असतो. एस.टी.त कंडक्टरचा तिकीट टोचायचा चिमटा आतोबांच्या पिशवीला जाऊन चिकटला आणि तो सोडवेपर्यंत दोन स्टॉप फुकट गेले. आतोबांनी तो शुभशकुन मानला.

व्याख्यानाला पहिल्या रांगेत तालुक्याचे साहेब, मुख्याध्यापक आणि वाचनालयाची झाडून सगळी समिती होती. पंखा लावण्याचं काम माझ्याकडं. आतोबांनी काचेवर लोखंडाचा कीस पसरला आणि गंभीरपणे सांगितलं, “ह्यो ढग. आता समजा चुंबक नाय.” मी पंखा लावला. ढग पहिल्या रांगेवर गेला. साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र बुशकोटाचा करडा झाला, समितीला शिंका आल्या. आतोबा जराही विचलित झाले नाहीत. “बगितलंत? आता चुंबक हाय.” त्यांनी काचेखाली चुंबक धरला, वर पुन्हा कीस टाकला. कीस शहारल्यासारखा उभा राहिला. त्याच्या कमानी झाल्या, काटे झाले, पट्टे झाले. मी पंखा मोठा केला. काही कण उडाले, पण आकार हलला नाही. मी विज्ञान शिकवणारा माणूस. आकाशातल्या ढगात लोखंडाचा कीस नसतो आणि तिथला मामला फार गुंतागुंतीचा असतो हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. आतोबांचा आवाजही खाली आला होता. “येवढा वारा सुटलाय,” ते म्हणाले, “पन कोनीतरी धरून ठिवलाय.” टाळ्या थांबेनात. आभार मानताना मुख्याध्यापकांनी ‘आज विश्व पोशीरच्या पातळीवर आलं’ असे उद्गार काढले. ती स्तुती होती की तक्रार, हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं.

हार गळ्यात तसाच ठेवून आतोबा माझ्याबरोबर परत निघाले. पोशीरला उतरलो, तर इंजिनाचा आवाज नाही. गिरणीपुढं गाड्यांची रांग, बैल सोडलेले. मिस्त्री पुढं आला. तडकलेला रूळ त्यानं बाहेर काढून पोत्यावर ठेवला होता. शेजारी फाटलेली जाळी आणि तिच्यावर वाकडा झालेला एक खिळा. आतोबा हारासकट खाली बसले. आत्या ओट्यावरून एवढंच म्हणाली, “आभालातलं ढग धरून ठिवलंत, आनी घरचा येक खिळा नाय धरवला तुमाला.” मग ती आत गेली, कारण तिला रडू येत होतं.

गोमा टोपी हातात घेऊन पुढं आला. “शेट, भात माजा व्हता. खिळा माज्याच गाडीचा.”

आतोबांनी त्याच्याकडं पाहिलं. “खिळ्याचा काय दोस रं,” ते म्हणाले. “धरनारा जाग्यावर नव्हता.”

नवा रूळ कल्याणहून यायला बरेच दिवस लागले. तोवर गाड्या नेरळच्या वाटेला लागल्या होत्या. चुंबक परत नरसाळ्याला बांधला गेला, इंजिन सुरू झालं, पण नंबर लावायची पाळी काही पुन्हा आली नाही. दोन हंगाम कसेबसे रेटून आतोबांनी गिरणी बंद केली आणि इंजिन विकून टाकलं. तांदळाची पोती थांबल्याबरोबर वाचनालयाचं अध्यक्षपद नेरळच्या गिरणीवाल्याकडं गेलं, हे सांगायला नकोच. तो जागेपणी अध्यक्षपद करी, त्यामुळे व्याख्यानमालेची रयाच गेली.

गिरणी बंद झाली त्याच हिवाळ्यात ते प्राध्यापक पुन्हा कर्जतला आले. आतोबा शेवटच्या रांगेत बसले होते, टक्क जागे. व्याख्यान संपल्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “चुंबकानं धरलेलं ढग शेवटपत्तुर ऱ्हातात का, साहेब?” प्राध्यापकांनी त्यांना ओळखलं. नाही, ते म्हणाले, वारा थांबत नाही. हळूहळू ढग झिजतो आणि विखरून जातो. क्षेत्र त्याला आकार देतं, थोडा उशीर लावतं, कायमचं राखू शकत नाही. आतोबांनी मान हलवली. मला फार वाईट वाटलं.

आतोबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला त्यांचं व्याख्यान आठवत नाही, प्राध्यापकांच्या या दुसऱ्या व्याख्यानानंतरच्या दिवशीची संध्याकाळ आठवते. बंद गिरणीच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. समोरच्या रस्त्यानं नेरळहून गाड्या परतत होत्या, दुसऱ्याच्या गिरणीतला तांदूळ भरून. आतोबा तिकडं बघत नव्हते. गोमानं आपली गाडी दाराशी थांबवली. खाली न उतरताच त्यानं विचारलं, “शेट, ढगाचं काय म्हनला मुंबैवाला?”

“नाय ऱ्हात म्हनला. वारा थांबत नाय. जायाचंच.”

गोमानं हातातला कासरा सैल केला. “कंदी? उद्या?”

“उद्या कसा रं? लाखांनी वर्सं लागतील.”

“आसं व्हय,” गोमा म्हणाला. “मंग हाय येळ.” आणि खाली उतरून त्यानं बैल सोडले. मागून येणाऱ्या दोन गाड्याही थांबल्या. माणसं हातपाय झाडत ओट्यावर येऊन टेकली. आतोबांनी घसा खाकरला आणि आत आत्यानं, कुणी न सांगता, चहाचं आधण वाढवलं.