ओढता का?

काजमावशी स्तनांच्या तपासणीला दरवर्षी न चुकता यायची. धाकटी बहीण त्याच दुखण्याने गेली, तेव्हापासून तिने धसकाच घेतला होता. शर्टांच्या कारखान्यात काज-बटण करण्यात तिचा जन्म गेला. कुठलंही कापड आधी उलटं करून बघायचं आणि मगच हातावेगळं करायचं, ही तिची खोड. आत एखादी शिवण सुटलेली दिसली, की शिवणारीची बिनपाण्याने व्हायची.

या खेपेला मशीनवर नवीन बाई होती. तिने अगदी जवळ येऊन मावशीचा खांदा सरळ केला आणि हळूच विचारलं, "मावशी, ओढता का?"

मावशी चपापली. पण तिची जीभ कसली ऐकते! "ओढते की. संसाराचा गाडा!"

बाई खळखळून हसली. मावशीही हसली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

फोटो काढून झाले. मावशी ब्लाउजच्या गुंड्या लावत होती, तेवढ्यात बाई म्हणाली, "गाडा राहू दे, मी सिगारेटचं विचारतेय. लवंग चघळलीत, तरी वास येतो हो."

मावशी पांढरीफटक पडली. लग्नाआधीपासूनचं गुपित ते! कारखान्याचा मागचा जिना, घरी न्हाणीघराची खिडकी आणि बटणांच्या डब्यात तळाशी पाकीट. घरात कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. आणि या कालच्या पोरीने नुसत्या वासावरून पकडावं?

"बाहेर सून बसलीय," ती कशीबशी म्हणाली. "तिला कळलं तर काय तोंड दाखवू मी?"

"मी कशाला सांगतेय? पण इतकी वर्षं ओढताय, तर या वयात फुफ्फुसांचाही स्कॅन करून घ्या. शेजारच्या खोलीत होतो. पाच मिनिटं पडून राहायचं, बस. इथे दरवर्षी येता, मग तिथे का नाही?"

लोकांची कापडं उलटीसुलटी करून बघणारी आपण, आणि स्वतःच्या आत कधी डोकावलो नाही! मावशीला स्वतःचाच भयंकर राग आला. तिरीमिरीत ती शेजारच्या खोलीत गेली. सुनेला सांगितलं, मशीन बिघडलं होतं, म्हणून उशीर झाला.

स्तनांत काही निघालं नाही. फुफ्फुसात मात्र शर्टाच्या बटणाएवढी गाठ निघाली. पुढच्या तपासण्यांत ती कॅन्सरची ठरली. "कॅन्सर आहे, पण गाठ लवकर सापडली. ऑपरेशनने काढता येईल," डॉक्टर म्हणाले. मावशीला त्यातलं कॅन्सर एवढंच ऐकू आलं.

बाहेरच्या बाकावर ती सुनेशेजारी येऊन बसली. आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं?

"ओढते गं मी," ती सुनेला म्हणाली.

"माहीत आहे, आई."

"काय?"

"लग्न होऊन आले तेव्हाच कळलं. बाबांना तर माझ्या आधीपासून ठाऊक आहे. न्हाणीघरातून धूर यायचा ना."

इतकी वर्षं लवंगा चघळल्या, खिडक्या उघडल्या, ते सगळं कुणासाठी?

"मग एका शब्दाने बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुमचा मान राखायचा म्हणून, आई."

मावशीचा आवाज चढला.

"माझा मान राखलात गं सगळ्यांनी. मला कुणी राखायचं होतं?"

सून रडायला लागली. मावशीने कमरेची चंची सोडली आणि उरलेल्या लवंगा तिच्या हातात ओतल्या.