गणादादाची घाई

“चावी दे! गाडीची चावी दे बोलतो ना!” गणादादा एवढा ओरडला की हळदीच्या मांडवातल्या डीजेनं लाजून आवाज कमी केला. हा माझा चुलतभाऊ. भर हळदीत, ग्लासामागून ग्लास रिचवल्यावर, त्याला करंजा बंदरावरच्या चिंबोऱ्या आठवल्या होत्या आणि त्या आत्ताच हव्या होत्या. वनितावहिनीनं चावी मुठीत आवळली होती. “उद्या रांधीन ना मी,” ती म्हणत होती. शेवटी त्याच्याच दोस्तांनी हसत हसत तिची बोटं एकेक करून उघडली. “जाव दे गो वयनी, राजा मानूस हाय!” राजा मोटारसायकलवरून गेला. आमची पंगत उठायच्या आत फोन आला... उरणच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कंटेनरच्या ट्रेलरवर तो मागून आदळला होता. उभ्या ट्रेलरवर! आंधळ्यालाही दिसला असता.

लोक म्हणतात, दारूनं त्याला उतावळं केलं. साफ खोटं. तो आईच्या पोटापासून उतावळा. सातव्या महिन्यातच बाहेर आला. तुर्भ्याला कांदे आणायला गेला नि घोडा घेऊन परतला. विश्वास नसेल तर वहिनीच्या शेवग्याला विचारा, घोड्यानं एक पान ठेवलं नाही. खाडीत पोर पडलं तेव्हा बाकीचे ओरडेपर्यंत हा पोराला घेऊन वर आलासुद्धा. त्या घाईवर आम्ही सगळे जीव टाकायचो. पण मनात येणं आणि हातून होणं यांच्यामध्ये आपल्याकडे दार असतं. त्याच्याकडे नुसता पडदा होता. दारूनं तोही ओढून काढला. मग चांगलं-वाईट सगळं एकाच वेगानं बाहेर पडायला लागलं... टीव्ही खिडकीतून, ताट भिंतीवर, हात बायकोवर. शुद्धीत आला की त्याच घाईनं तिचे पाय धरायचा, शपथ घ्यायचा. शपथ संध्याकाळपर्यंत टिकायची.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. त्या दोस्तांपैकी एकानं खिशातून क्वार्टर काढली, थोडी भातावर ओतली, उरलेली स्वतःच्या घशात. ओल्या भाताचा नि दारूचा तो वास... मी तळोज्याच्या केमिकल कारखान्यात उभा जन्म काढला, माझं नाक कधीच मेलंय. तरी मी दोन पावलं मागे सरकलो. कावळासुद्धा दोन फांद्या वर सरकला.

“वयनी,” तोंड पुसत तो म्हणाला, “सांग ना, त्याची कंची इच्छा ऱ्हायली?”

वहिनीनं वर बघितलंही नाही.

“येक पन नाय. मनान आली का लगेच करायचा तो.”