किल्लारीच्या आक्का आणि माझं बाँबचं लेक्चर

"सर, आक्का टेबलवरून उठून बसल्या, बाहेर घ्यावं लागलं. नको म्हणून राहिल्या."

शबाना आमची टेक्नॉलॉजिस्ट, मशीन तीच चालवते. पेशंट रडो, भांडो, ती आपलं आपण निभावून नेते. ती माझ्या केबिनमध्ये आली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं.

मी मेडिकल फिजिसिस्ट. मूळचा नांदेडचा, नोकरी लातूरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात. लोक मला डॉक्टर समजतात, पण मी डॉक्टर नाही. रोगाचं डॉक्टर मॅडम बघतात. किरणं कुठून, किती आणि किती वेळ द्यायची, एवढं मी ठरवतो. आमची मशीन कोबाल्टची. शिशाच्या जाड कवचात कोबाल्टचा छोटासा तुकडा असतो, त्यातून सतत किरणं निघत असतात. बटण दाबलं की तो झरोक्यासमोर येतो, वेळ संपली की मागे जातो. पेशंटला काही जाणवतसुद्धा नाही.

आक्कांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, पण लवकर सापडलेला. पंचवीस सिटिंग आणि पुढचे उपचार नीट झाले असते तर बाई बऱ्या होण्याची चांगली आशा होती. मॅडमनी फाईलवर तसं लिहिलंही होतं. आणि बाई पहिल्याच सिटिंगला उठून बाहेर.

त्यांच्याबरोबर धाकटा भाऊ होता, सोपान गुरुजी. औशाच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. गुरुजी माझ्या समोरच्या खुर्चीत.

"सर, तिला बाँबची भीती वाटून राहिली," गुरुजी म्हणाले. "भूकंप झाला तवा लोक म्हणायचे, कुणीतरी जमिनीखाली अणुबाँब फोडून बघितला. अन् आता ही बी अणूचीच मशीन."

"तसलं काही नव्हतं, गुरुजी. तो भूकंपच होता."

"मला ठावं हाय हो. पण ह्या कोबाल्टचं अन् बाँबचं नातं काय, ते जरा इस्कटून सांगा. तिला पटवायचं काम माझं."

इथेच मी घसरलो. लोक मला विचारतात, केस जातील का, घरी नातवाला जवळ घेतलेलं चालेल का. नातं विचारणारा माणूस कित्येक वर्षांत भेटला नव्हता. मी तीन चहा सांगितले आणि सुरू झालो.

सुरुवात एका काळ्या दगडापासून केली. युरेनियमचं खनिज. परदेशातल्या एका बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं गळक्या शेडमध्ये तो दगड ढिगानं उकळून, गाळून दोन नवी मूलद्रव्यं शोधली. त्यातलं एक रेडियम. काही वर्षांतच डॉक्टर ते कॅन्सरच्या गाठीवर वापरू लागले. "म्हणजे बघा गुरुजी, आधी औषध निघालं. बाँब नंतर."

मग न्यूट्रॉन. अणूच्या गाभ्यातला कण, विजेचा भार नसलेला. गाभा त्याला ढकलून देत नाही, म्हणून तो बिनबोभाट आत शिरतो. शास्त्रज्ञ तो दिसेल त्या मूलद्रव्यावर मारत सुटले. युरेनियमवर मारला तर त्याहून जड काहीतरी नवीन मिळेल, असा सगळ्यांचा अंदाज. जर्मनीतल्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी मारून बघितला, तर हाती लागलं बेरियम. युरेनियमच्या साधारण निम्म्या वजनाचं. त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. पुन्हा तपासलं, पुन्हा बेरियमच. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या एक बाई ज्यू होत्या, त्यांना देश सोडून पळावं लागलं होतं. कोडं पत्रानं त्यांच्याकडे गेलं. भाच्याबरोबर बसून त्यांनी ते सोडवलं. गाभा फुटला होता.

"दोन तुकडे!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली.

"दोन तुकडे, आणि वर आणखी न्यूट्रॉन. ते शेजारचे गाभे फोडणार, त्यातून आणखी सुटणार. साखळीच."

"अन् त्या बेरियमपासून बाँब पडेस्तोवर किती साल गेले?"

"सातसुद्धा नाहीत."

गुरुजींनी बोटांवर मोजून बघितलं. मी कुठे थांबतोय? दुसऱ्या शहरावर टाकलेला बाँब प्लुटोनियमचा होता, हेही सांगितलं. हे मूलद्रव्य त्याआधी थोड्याच वर्षांपर्यंत माणसाला माहीतदेखील नव्हतं. ते बनवायला मोठमोठ्या अणुभट्ट्या बांधल्या. आमचा कोबाल्टही भट्टीतच तयार होतो, साधा कोबाल्ट न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवून.

"म्हंजी एकाच घराण्यातले."

"घराणं एकच. पण कोबाल्ट असा फुटत नाही. मशीनचा बाँब होऊच शकत नाही."

"पण सर, शोधणाऱ्यांना ठावं होतं का, पुढं काय होणार ते?"

"सुरुवातीच्यांना नाही. समोर जो प्रश्न आला त्याचं उत्तर त्यांनी काढलं. शेवटच्यांना पुरतं ठाऊक होतं."

हे बोलताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटत होतं, ते कबूल करतो. शबाना दोनदा डोकावून गेली. आक्कांचा चहा तसाच होता. त्यांनी एकदा तोंड उघडल्यासारखं केलं, तेवढ्यात गुरुजींनी पुढचा प्रश्न काढला.

शेवटी आक्काच उठल्या. "सोपान, चल."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी तीन वेळा फोन केला. गुरुजी म्हणायचे, "समदं समजावलं तिला. पटलं बी. पण यायचं न्हाई म्हणते."

डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"जे खरं आहे ते सगळं."

"त्यांनी काय विचारलं होतं?"

आक्कांनी काहीच विचारलं नव्हतं. विचारलं होतं गुरुजींनी. किल्लारी काही लांब नाही, मी जाऊन यायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिलो.

चार महिन्यांनी आक्का आल्या त्या स्ट्रेचरवर. रक्तस्राव थांबत नव्हता. रोग पसरला होता. आता बरं करायचा प्रश्नच उरला नव्हता, रक्त थांबावं म्हणून एकच मोठा डोस द्यायचा होता. गुरुजी कागदपत्रं करायला गेले आणि मी पहिल्यांदा आक्कांशी एकटा बोललो.

"आक्का, बाँबची भीती गेली का?"

"कशाचा बाँब?"

"मशीनचा. म्हणूनच उठला होतात ना?"

"मला काय करायचंय बाँबचं, सायेब? ती बाई बाहेर गेली अन् ते दार लागलं. खिडकी न्हाई, काही न्हाई. भूकंपात मी दीड दिस घराखाली व्हते. लेक शेजारीच व्हती. हात लागायचा तिचा. मग तो गार लागाया लागला."

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो.

"लाईट गेली तर ते दार उघडतं का, एवढंच इचारायचं व्हतं. पण तुमचं दोघांचं चालू व्हतं."

उघडतं. किरणं बाहेर पडू नयेत म्हणून त्या खोलीच्या भिंती जाड काँक्रीटच्या आहेत, दार जड आहे आणि पेशंटला आत एकटंच ठेवावं लागतं. पण वीज गेली तर दार उघडायला हातानं फिरवायचा दांडा आहे. दर महिन्याला तो तपासून रजिस्टरवर सही मीच करतो.

शबानानं त्यांच्यासमोर दार लावून, दांडा फिरवून दाखवलं. आक्कांनी स्ट्रेचरवरूनच हात लांब करून एकदा फिरवून बघितला. मग सिटिंग झाली. सबंध वेळ शबाना बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसून माईकवर बोलत होती, "आक्का, मी बघून राहिले तुम्हाला. हाय मी हितंच." सात मिनिटं लागली. आक्का हलल्यासुद्धा नाहीत.

रक्त थांबलं. पुढच्या महिन्यात आक्का गेल्या.

नंतर गुरुजी फाईलची कॉपी न्यायला आले. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, त्या दिवशी लई झकास समजावलं होतं तुम्ही. शाळेत असतो तर पोरांना तसंच सांगितलं असतं." भीती बाँबची नव्हती, बंद दाराची होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

आता नवीन पेशंट आला की नातेवाइकांना बाहेर बसवतो. पेशंटला आधी खोली दाखवतो, दार दाखवतो आणि गप्प बसतो. बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत बोलतात. कॉलेजात मला गप्प बसायला कुणी शिकवलं नव्हतं, ते मी आक्कांच्या जिवाच्या मोलानं शिकलो.