घाबरलेल्या पायाचे ब्रेक

आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री बोलतात कमी, बघतात फार. पन्नाशी उलटलेली, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. सगळी हयात जुन्या गाड्यांखाली गेली.

सासऱ्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी त्यांना टेकडीखालच्या दवाखान्यात व्यायामाला नेते. गाडी वीस वर्षांची. जरासा धक्का बसला तरी बाबांचा चेहरा पांढराफटक पडतो. त्यात ब्रेक नीट लागेनासे झाले. यांनी बाजारातले सगळ्यात दणकट, मेटलचे पॅड आणून मिस्त्रींपुढे ठेवले.

"मुंगी मारायला तोफ आणलीत, साहेब. तुमच्या चाकाची डिस्क आधीच झिजलीय, हे तिला खाऊन टाकतील."

"अहो, पण उतार आहे! मऊ पॅड तापले की दगा देतात."

मिस्त्रींनी जुना पॅड काढून उजेडात धरला. काचेसारखा चकचकीत झाला होता. त्यावर नख ओढलं, वास घेतला आणि सरळ माझ्याकडे वळले.

"वहिनी, उतारभर पाय ब्रेकवरच असतो ना? हलकासा?"

असायचाच. दर वेळी शेजारी बसूनही यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. आणि या माणसाने मला गाडी चालवताना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं!

"बाबांना धक्का नको म्हणून..." मी पुटपुटले.

"त्यानेच जळाले बिचारे. घाबरलेल्या पायाला कुठलाच पॅड पुरत नाही."

त्यांनी मऊ पॅड बसवले, सपाट रस्त्यावर स्वतः चालवून रुळवले. त्याच दिवशी दवाखान्याची वेळ होती, तर माझ्या शेजारी येऊन बसले. मागे बाबा, नेहमीसारखे डोळे गच्च मिटून. आणि मेटलच्या पॅडचा डबा मांडीवर घेऊन हे.

"खाली चाक फार तापलेलं निघालं, तर तुमचेच बसवतो, साहेब. वहिनी, दुसरा गिअर टाका. गाडीला गिअर अडवेल. वळणाआधी एकदा दाबा, आणि सोडा. सोडा म्हणतोय ना!"

सोडणं किती अवघड! इंजिन कुरकुरलं, पण कुणी मागून धरून ठेवावं तशी गाडी शांत उतरत गेली.

खाली मिस्त्रींनी बोटाने पाण्याचे दोन थेंब डिस्कवर टाकले. मी वाकून बघत होते. चर्र झालं नाही. थेंब सावकाश ओघळले.

आतून बाबांचा आवाज आला, "अगं, थांबलीस का? उतार यायचाय ना अजून?"

"आला आणि गेला, बाबा," मिस्त्री म्हणाले. "उतरा आता."