यंत्रासकट मुंबईला

आमच्या कॉलेजातलं वीजप्रवाह मोजायचं यंत्र मुंबईला हलवायचं जवळजवळ ठरलंच होतं. कारण काय, तर रत्नागिरीची हवा दमट, इथे असले नाजूक प्रयोग होत नसतात. विभागातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "अगो, कशाला मुंबईवाल्यांच्या नादाला लागतेस? जाऊ दे." का म्हणून जाऊ देऊ? त्या यंत्रापायी किती जणांचे उंबरे झिजवले होते मी!

मुंबईहून एक तज्ज्ञ सर पाहणीला आले. ओल लागू नये म्हणून हवाबंद काचपेटीत जपलेला नमुना मी यंत्राला जोडला. अर्धवाहकाचे दोन थर, जेमतेम तीन अणूंच्या जाडीचे, आणि दोघांच्या मध्ये वीज अडवणारा तसाच एक पापुद्रा. सगळे चिकटपट्टीने सोलून, सूक्ष्मदर्शकाखाली एकावर एक रचलेले. तो अडसर ओलांडायची ताकद इलेक्ट्रॉनात नसते. तरी तो पलीकडे जातो. म्हणून तर मला तो आवडतो.

व्होल्टेज वाढवत नेलं. पडद्यावरची रेघ चढली आणि मग चक्क उतरली.

"ही गळती आहे, मॅडम," सर म्हणाले. "ओल शिरली असणार."

माझं डोकंच फिरलं. "गळती असती तर प्रवाह वाढतच गेला असता, सर! दोन्ही थरांतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा जुळतात तेव्हाच तो उसळतो, जुळणी मोडली की पडतो. आणि ओल असेल तर व्होल्टेज उतरवत परतताना रेघ वाट बदलेल. घ्या, बटण तुम्हीच फिरवा."

त्यांनी फिरवलं. रेघ परतताना त्याच जागी चढली, त्याच जागी उतरली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. मग ते खुर्ची ओढून बसले आणि मनापासून हसले. मला वाटलं, जिंकले.

"उत्तम काम आहे. इथे कशाला कुजताय? या मुंबईला, यंत्रासकट. तुमच्यासाठी जागा मी करतो."

म्हणजे जमत नाही म्हणून न्यायचं, आणि जमलं तरी न्यायचंच! पहिल्या प्रतीचा आंबा जातो, सुरमई जाते, घरटी एक माणूस जातो. इथल्या पोरांनी इलेक्ट्रॉन काय पुस्तकातच बघायचा?

"मी येणार नाही," मी म्हटलं. "यंत्रही नाही."

"विचार करून सांगा."

"सांगितलं की, सर. तुमच्या मुलांना बघायचं असेल तर इकडे पाठवा. राहायची सोय मी करते."

सरांनी मग आग्रह सोडला. यंत्र हललं नाही. मुंबईची पहिली विद्यार्थिनी गेल्या महिन्यात आली, इथे मांडवीला माझ्याच घरी उतरली.