अलंकारबाईंना श्लेष कळला

माझ्या थोरल्या बहिणीला शाळेतल्या मुली अलंकारबाई म्हणायच्या. त्यात थोडा खट्याळपणाही होता, कारण घड्याळ सोडलं तर ताईच्या अंगावर दागिना म्हणून काही नसे. तिचे अलंकार सगळे फळ्यावर. ती भाषा शिकवायची, आणि व्याकरण असूनही तिच्या तासाला वर्गातून हशा ऐकू यायचा.

"खिडकीतली मुलगी मांजरासारखी पेंगते आहे, ही झाली उपमा," ती सांगायची. "सारखी म्हटलं की पळवाट राहते. आता म्हणा, ही मुलगी म्हणजे मांजरच. हे रूपक. पळवाट बंद!" मग फळ्याकडे बोट दाखवून, "वा, काय छान फळा पुसलाय, कालचा अख्खा धडा वाचता येतोय! ही व्याजस्तुती. वरून कौतुक, आतून चिमटा." आणि श्लेष म्हणजे एका शब्दात राहणारे दोन अर्थ. "ज्यांना परीक्षेत उत्तर सापडत नाही, त्यांना होकायंत्र द्यावं," असं ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची आणि कुणाला आधी हसू फुटतं ते बघत बसायची.

पन्नाशीच्या आसपास ताईचे कान जायला लागले. वर्गात चालून जायचं, मुली मोठ्याने बोलायच्या. पण बैठकांमध्ये पंख्याच्या घरघरीत तिला निम्मं ऐकू येईना. तिने हे दोघींनाच सांगितलं, मला आणि इतिहासाच्या बाईंना. त्या बाई म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघींचं कपाट एक, डबा एक, कुणाशी बिनसलं तर अबोलासुद्धा दोघींचा मिळून. मी ताईच्या मागे लागले होते, डॉक्टरकडे चल म्हणून. ती म्हणायची, "कशाला? ती बसते की शेजारी." आणि खरंच, इतिहासाच्या बाई शेजारी बसायच्या आणि राहिलेलं वाक्य ओठ हलवून तिला सांगायच्या.

मुख्याध्यापक निवृत्त व्हायचे होते. ताई सगळ्यांत जुनी, त्यामुळे पहिला मान तिचा. एका बैठकीत सर उठून खिडकी लावता लावता पाठमोरेच काहीतरी बोलले आणि वळून ताईकडे बघत उभे राहिले. सगळेच बघत होते. ताईने मैत्रिणीकडे पाहिलं.

"सहलीला येणार का विचारताहेत," मैत्रिणीचे ओठ हलले. "नको म्हण, तुझे गुडघे दुखतात."

ताईने हसून मान हलवली. "नको सर. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

पुढच्या आठवड्यात इतिहासाच्या बाई मुख्याध्यापिका झाल्याचं जाहीर झालं. ताईला वाटलं, संस्थेने आपल्याला विचारलंसुद्धा नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात बसून रडली. आणि तिची समजूत काढायला कोण आलं, तर इतिहासाच्या बाईच. "अगं, वरच्यांचं राजकारण," त्या म्हणाल्या. "मी तरी काय करणार?" ताईने डोळे पुसून त्यांचं अभिनंदन केलं. मी चहा टाकला.

सत्कार सभागृहात झाला. ध्वनिक्षेपक मोठा होता आणि ताई पहिल्या रांगेत होती, त्यामुळे शब्द न् शब्द तिच्यापर्यंत पोचत होता.

"या खुर्चीवर माझ्या मैत्रिणीचा हक्क होता," इतिहासाच्या बाई म्हणाल्या. "सरांनी भर बैठकीत विचारलं, आणि तिने हसत नको म्हटलं. असं मन कुणाचं असतं? लोक म्हणतात, ही कुणाचं ऐकत नाही. खरंय! ही फक्त माझं ऐकते."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शेजारी बघते तर ताईचे हात मांडीवर तसेच पडलेले. जन्मभर तिने मुलींना एका शब्दातले दोन अर्थ शोधायला शिकवलं होतं. तिला शोधावं लागलं नाही.

समारंभ संपल्यावर ती सरळ त्यांच्या खोलीत गेली. मी दारात उभी होते.

"सहल नव्हती ना ती?" ताईने विचारलं.

इतिहासाच्या बाईंनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. "तुला झेपलं नसतं गं. पालक, फोन, अधिकारी. चारचौघांत तुझी फजिती झाली असती."

"मग तसं मला सांगायचं."

"सांगितलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते," ताई म्हणाली. "आणि तू ते सभेत बोललीस. माझ्यासमोर. विनोद करून."

"मला वाटलं, तुला..." त्या अडखळल्या.

"ऐकू येणार नाही?"

दुसऱ्या दिवशी ताई संस्थेच्या लोकांना भेटली. त्यांचं म्हणणं एकच, बाई, सगळ्यांदेखत तुम्हीच मान हलवलीत. तिचं गाऱ्हाणं तिथेच संपलं.

मग ती श्रवणयंत्र बसवून आली आणि वर्गात पहिल्यांदाच मुलींना आपल्या कानांबद्दल सांगितलं. मुलींनी प्रश्न विचारले आणि विसरूनही गेल्या. कपाटातलं सामान तिने दुसरीकडे हलवलं. इतिहासाच्या बाईंनी दोनतीनदा डबा घेऊन बोलायचा प्रयत्न केला. ताई उठून जायची.

पण तिला खरं छळत होतं ते वेगळंच. मैत्रिणीच्या ओठांवरून उचललेली सगळी वाक्यं ती परत परत आठवायची. चित्रकलेच्या सरांशी ती बोलत नसे, कारण एका बैठकीत ते तिला "थकलेला घोडा" म्हणाल्याचं मैत्रिणीने सांगितलं होतं. एका दुपारी ती त्यांच्या वर्गात गेली. ते ब्रश धूत होते.

"सर, तुम्ही मला थकलेला घोडा म्हणाला होतात का?"

सरांनी नळ बंद केला. "खरं सांगू का बाई," ते म्हणाले, "म्हणालोही असेन. नसेनही. मला आठवत नाही."

ताई घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "आता हे कुणाला विचारू गं?"